न निघालेला धूर

कारखान्यात त्यांना सगळे अंशकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. कोणी घाम पुसत "काय उकडतंय हो आज" म्हणालं, की काका मान वर करून विचारायचे, "म्हणजे किती अंश?" कँटीनमधला चहा गार झाल्याची तक्रार कोणी केली, तर कपाला बाहेरून बोट लावून सांगायचे, "गार कुठला, त्रेचाळीस आहे." एकदा एकानं खोडी काढायची म्हणून खरंच तापमापक आणून चहात बुडवला. बेचाळीस निघाले. काका म्हणाले, "तू तापमापक आणायला गेलास, तेवढ्यात एक उतरणारच." त्या दिवसापासून त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही.

कारखाना घरगुती फ्रिज बनवायचा आणि काका तिथल्या तपासणीच्या लॅबमध्ये होते. एकोणतीस वर्षं होत आली होती, निवृत्तीला दोन महिने उरले होते. नवं मॉडेल निघालं की त्याचा एक नग त्यांच्याकडे यायचा. लॅबमध्ये खोलीच्या आत आणखी एक खोली होती, तिला चेंबर म्हणत. तिथे बारा महिने बत्तीस अंश. फ्रिज मधोमध उभा करायचा, आत दूध-भाजीऐवजी जेल भरलेले पुडे ठेवायचे, पुड्यांत तापमान सांगणाऱ्या तारा खुपसायच्या, दार लावायचं आणि चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. चोवीस तासांनी मीटर सांगायचं की या पठ्ठ्यानं किती वीज प्यायली. तो आकडा काका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे आणि खाली सही ठोकायचे. एकदा सही झाली की ती काळ्या दगडावरची रेघ. अलीकडे सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं आणि ते यंत्र एक तरुण इंजिनीअर मुलगी चालवायची, पण निळ्या वह्या काकांच्या कपाटात कुलपात होत्या आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.

आता असा माणूस घरी कसा असेल, हे त्यांच्या बायकोला विचारावं. घरातलं कोणीही फ्रिजचं दार उघडून क्षणभर विचारात पडलं, की बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "दार!" मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिथे तिच्या घरी जाऊनही काकांनी एकदा "दार!" म्हटलं, तेव्हा जावई दचकून पुढचं दार लावायला धावला. मुलगी म्हणते, "बाबांनी मला मुळाक्षरांच्या आधी तो शब्द शिकवला."

काकांच्या घरचा फ्रिज बावीस वर्षांचा होता. चेंबरमध्ये तपासून झालेले नग तेव्हा कारखान्यातल्याच लोकांना मिळायचे. काकांनी स्वतः मोजलेला, स्वतःच्या सहीचा नग घरी आणला आणि स्वयंपाकघरात खिडकीपासून दूर, भिंतीपासून बरोबर चार बोटं सोडून उभा केला. दाराचं रबर दर तीन-चार वर्षांनी स्वतः बदललं. मागची जाळी दर महिन्याला पुसली. त्याचं बटण, ज्याच्यावर एक ते सात आकडे असतात, ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाचवर लावलं. "थंड म्हणजे थंड," ते म्हणाले. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ते दार उघडून बघायचे, पाचवर आहे ना. असायचं. घरात तापमापक मात्र नव्हता. आपल्या हातच्या फ्रिजला तापमापक लावणं त्यांना अपमानाचं वाटायचं.

त्या फ्रिजबद्दल काकांची एकच तक्रार होती. बटणावरचे चार आणि पाच हे दोन आकडे पाच-सहा वर्षांतच पुसट झाले आणि पुढे साफ गेले. बाकीचे पाच आकडे ठणठणीत. काकांनी रंगाच्या विभागाला लेखी कळवलं की रंग कच्चा आहे, चौकशी व्हावी. त्या विभागानं कळवलं की सातही आकडे एकाच डब्यातल्या रंगानं छापले जातात. काकांचं समाधान झालं नाही. दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं.

तर एके दिवशी साहेबांनी काकांना आणि इंजिनीअर मुलीला खोलीत बोलावलं. टेबलावर उशीएवढी जाड फाइल होती.

"काका, आपला नवा फ्रिज वीज कमी खातो," साहेब म्हणाले. "वीज कमी म्हणजे वीजघरात कोळसा कमी जळणार. कोळसा कमी, तर धूर कमी. एक टन धूर वाचला की एक कार्बन क्रेडिट मिळतं. ज्यांना स्वतःचा धूर कमी करणं जमत नाही, ते लोक आपल्याकडून ती क्रेडिटं घेतात."

काकांनी फाइल बोटानं दाबून बघितली. "म्हणजे जो धूर निघालाच नाही, तो आपण विकणार?"

"तसंच समजा."

"आणि तो मोजणार कोण?"

साहेबांनी त्यांच्याकडेच बोट केलं.

जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस इंजिनीअर मुलीनं काकांना ते नियम वाचून, सोपे करून सांगितले. नवा फ्रिज आला नसता तर लोकांनी कारखान्याचं जुनंच मॉडेल घेतलं असतं, तेव्हा जुन्याची वीज उणे नव्याची वीज, ही बचत. कारखान्यात बनवून गोदामात ठेवलेला फ्रिज धरायचा नाही, घराघरांत खरोखर चालू असलेलाच धरायचा. आणि फ्रिज दर वर्षी थोडेफार सुधारतच असतात, कोणी काही केलं नाही तरी, म्हणून तेवढी सुधारणा आपोआप होणारी समजून बचतीतून वजा करायची. हा शेवटचा नियम काकांना फार आवडला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "जे आपोआप होणारच होतं, त्याची शाबासकी कशाला?"

घरी त्यांनी हे सगळं मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"म्हणजे जे झालंच नाही, ते मोजायचं?" तिनं विचारलं.

"अगं, शास्त्र आहे ते."

"मग काल मला बरं नव्हतं म्हणून मी स्वयंपाक केला नाही, तोही मोजा. भांडी किती वाचली ते मी सांगते."

काका हसले नाहीत. न घासलेली भांडी कोणत्या एककात मोजावीत याचा ते खरोखरच विचार करत होते.

या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक आकडा होता. जुनं मॉडेल चोवीस तासांत किती वीज घेतं? एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर शतांश युनिट. हा आकडा काकांच्या निळ्या वहीत बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला होता. ते मॉडेल पुढे नवं येईपर्यंत काडीचाही बदल न करता बनत राहिलं, म्हणून पुन्हा मोजण्याची वेळ आली नाही. नवं मॉडेल ब्याण्णव शतांश घेत होतं. उरलेल्या शहाऐंशी शतांशांवर साहेबांची फाइल उभी होती, आणि ते शतांश काकांच्या सहीवर. काका त्या दिवसांत जरा ताठ चालायचे. कँटीनमध्ये चहाचं तापमान न विचारता सांगायचे.

मग फाइल खरी की खोटी हे बघायला बाहेरून तपासनीस आले. किडकिडीत अंगाचे, मऊ बोलणारे, आणि भर दुपारी स्वेटर घातलेले. त्यांना सतत थंडी वाजायची. सगळे लोक चेंबरमधून घाम पुसत पळ काढायचे, पण हे गृहस्थ आत स्टूल मागवून घेऊन फाइल वाचत बसले. काकांना ते पहिल्या भेटीतच आवडले. लॅबमध्ये त्यांचं नाव स्वेटरवाले पडलं.

स्वेटरवाल्यांनी निळी वही दोन्ही हातांनी उघडली. तापमानाच्या रकान्यात बरोबरची एक ठसठशीत खूण होती, विजेच्या रकान्यात आकडा होता, खाली सही होती.

"तापमान किती होतं ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नियमात बसलं की बरोबरची खूण करायची, अशी पद्धत होती," काका म्हणाले. "बारीक आकडे आलेखाच्या कागदावर असायचे."

"तो कागद?"

तो कागद आठ वर्षांपूर्वी कोठीतला नळ फुटला तेव्हा बाकीच्या दोन हजार कागदांबरोबर लगदा झाला होता. साहेबांनी हळूच खिडकीबाहेर बघितलं.

"मग त्याच मॉडेलचा एखादा जुना नग मोजून दाखवा," स्वेटरवाले म्हणाले. "मी शनिवारपर्यंत आहे."

"एखादा कशाला?" काकांचा आवाज चढला. "वहीत नगाचा क्रमांक आहे बघा. नेमका तोच नग दाखवतो. माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. स्वेटरवाल्यांनीही स्वेटरची वरची गुंडी काढली, एवढा त्यांना आनंद झाला.

त्याच दुपारी काका टेम्पो आणि दोन हमाल घेऊन घरी आले. दुपारी ते कधी घरी येत नसत. बायकोनं दारात हमाल बघितले, काय चाललंय ते ऐकलं आणि तडक स्वयंपाकघरात धावली. फ्रिज उघडून तिनं घाईघाईनं काहीतरी केलं आणि दार लावून बाहेर आली. काकांना वाटलं, लोणी काढून ठेवलं असेल.

"माझा फ्रिज नेणार?" तिनं विचारलं.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दुधाचं काय? दह्याचं काय?"

"शेजारी ठेव."

"आणि त्यात ते तुमचे पुडे घालणार? धुतलेले असतात का ते?"

काकांनी खात्री दिली. मग तिनं अटी घातल्या. शुक्रवारी संध्याकाळी परत हवा. जसा गेला तसा हवा. वरचं विणलेलं कापड इथेच राहील. हमालांनी फ्रिज उचलला तेव्हा ती जिन्यापर्यंत मागे गेली आणि "सरळ धरा, सरळ" म्हणत राहिली. फ्रिज आडवा करायचा नसतो हे तिला बावीस वर्षांत काकांपेक्षा जास्त पाठ झालं होतं.

चेंबरमध्ये इंजिनीअर मुलीनं तारा जोडल्या. आताच्या नियमानुसार फ्रिजर बरोबर उणे अठरा अंशांवर आणि खालचा कप्पा बरोबर पाच अंशांवर यायला हवा, तिथे बटण ठेवून वीज मोजायची. बटण फिरवत फिरवत ती चारवर थांबली. तिथे तापमान चपखल बसलं. दुसऱ्या दिवशी मीटरनं आकडा दिला, एक पूर्णांक बावन्न.

मुलीनं तारा पुन्हा तपासल्या. मीटर पुन्हा वाचलं. एक पूर्णांक बावन्न.

"मला कळत नाही," स्वेटरवाले हळूच म्हणाले. "माझं वय वाढतंय तशी मला थंडी जास्त वाजते. फ्रिजचं वय वाढलं की त्याला वीज जास्त लागायला हवी. हा म्हातारपणी तरुणपणापेक्षा कमी खातो. असं होत नाही."

"अहो, काकांच्या घरचा फ्रिज तो," साहेब हसून म्हणाले. "लाडाकोडात वाढलेला. याला अपवाद समजा आणि वहीतलाच आकडा धरा."

स्वेटरवाले विचारात पडले. "एक मार्ग आहे. तेव्हाची चाचणी नियमाप्रमाणे झाली होती, असं ज्यानं ती केली त्यानं लिहून द्यावं. माणूस समोर उभा आहे. त्यांनी सही केली तर मी वही मान्य करीन."

साहेबांनी पाच मिनिटांत कागद टाइप करून आणला. पेनचं टोपण स्वतः काढून काकांपुढे धरलं.

काकांनी पेन घेतलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी सही करताना कधी विचार केला नव्हता. सही म्हणजे काम झाल्यावर करायची गोष्ट, त्यात विचार कसला? पण आता हात कागदावर टेकेना. काल मुलगी बटण फिरवत चारवर थांबली, तेव्हाच त्यांनी त्या बटणाकडे दोनदा बघितलं होतं.

कारण त्यांना आठवत होतं. बावीस वर्षांपूर्वीही चारवर बरोबर उणे अठरा आले होते. नियमाला तेवढंच हवं होतं. पण काकांना काठावर पास होणं मुळातच खपत नसे. शाळेत स्वतःच्या मुलीला पस्तीस मार्क मिळाले तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. उणे अठरा हवेत आणि बरोबर उणे अठरा आले, हे त्यांना पस्तीस मार्कांसारखं वाटलं. उद्या कोणाच्या घरी जास्त उकाडा असला, दार नीट लागलं नाही, तर? म्हणून त्यांनी बटण एक घर पुढे, पाचवर नेलं. फ्रिजर उणे साडेवीसपर्यंत उतरला. काकांनी समाधानानं खूण केली, आकडा लिहिला, सही ठोकली. हे त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नाही, आणि त्यांच्या लेखी तो प्रामाणिकपणाच होता, नियमापेक्षा एक पाऊल जास्तच.

"काका?" साहेब म्हणाले.

"मला एक दिवस द्या," काकांनी टोपण पेनाला लावलं. मग मुलीकडे वळले. "हाच फ्रिज पुन्हा लाव. बटण पाचवर."

"काका, पाचवर नियमापेक्षा जास्त गार होईल."

"ठाऊक आहे. लाव."

घरी त्या संध्याकाळी फ्रिजच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग होता. काका त्याच्यासमोर उभे राहिले. सवयीनं चपला काढायच्या आधी तिथे गेले होते. बायकोनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही, मोजतायत." जेवताना तिनं त्यांच्या पानात एक पोळी जास्त वाढली. काकांचं पोट बिघडल्याशिवाय किंवा काम बिघडल्याशिवाय ते असे गप्प बसत नाहीत हे तिला माहीत होतं, आणि पोट ठीक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे मीटरभोवती जमले. एक पूर्णांक ऐंशी.

काकांच्या तोंडून आधी जे निघालं ते ऐकून मुलीला वाटलं यांचं डोकं फिरलं. "अठ्ठ्याहत्तर होतं! बावीस वर्षांत फक्त दोन शतांश! बघितलंस रबर वेळेवर बदललं की काय होतं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते स्टुलावर बसले आणि ते पाणी कशाचं, हे त्यांनाही सांगता येईना. वही शतांशापर्यंत बरोबर होती, आणि बरोबर होती म्हणूनच चुकीची होती.

त्यांनी सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा प्रयत्न केला. बटण पाचवर होतं. नियमाला चार पुरेसे होते. जुन्या फ्रिजची वीज वहीत जास्त लागली, म्हणून नव्याची बचत फुगली. आणि हा एकच फ्रिज नाही, कॉम्प्युटर येण्याआधीच्या वह्यांत जेवढे आकडे आहेत ते सगळे असेच एक घर पुढचे आहेत.

"हे तुम्हाला आज आठवलं?" साहेबांना राग आवरत नव्हता. "कागद समोर ठेवल्यावर?"

"आठवत होतंच, साहेब," काका म्हणाले. "चूक होती हे आज कळलं."

मुलीनं खाली बघितलं. तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण काका ते तापमान मोजतील अशी तिला भीती वाटली असावी.

स्वेटरवाल्यांनी आपल्या कागदावर दोन्ही आकडे लिहिले. बावन्नमधून म्हातारपणाचे दोन शतांश वजा करायला काकांनीच सुचवलं, तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला. जुन्या फ्रिजचा आकडा एक पूर्णांक पन्नास ठरला. न निघालेल्या धुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका दुपारी नाहीसा झाला.

"बाकीची फाइल मान्य होईल," जाताना स्वेटरवाले म्हणाले. "खरं सांगू? या सबंध फाइलमध्ये मला एकाच पानाबद्दल शंका उरलेली नाही, ते हे पान." मग त्यांनी चेंबरकडे प्रेमानं एकवार बघितलं आणि बाहेरच्या गार वाऱ्यात गेले. साहेब पुढे दोन दिवस काकांशी कामापुरतंच बोलले.

काकांनी निळ्या वह्यांची किल्ली इंजिनीअर मुलीकडे दिली. कोणी मागितली नव्हती.

शुक्रवारी साडेपाचला टेम्पो फ्रिज घेऊन आला. बायको जिन्यात उभीच होती. फ्रिज पांढऱ्या डागावर बरोबर बसला. तिनं आत हात फिरवून बघितलं, पुड्यांचा वास येत नाही याची खात्री केली, वरचं कापड पसरलं. शेजारून दूध-दही परत आलं. हे सगळं होईपर्यंत काका खुर्चीत बसून होते.

"बस जरा," ते म्हणाले. "सांगायचंय."

त्यांनी सांगितलं. एकोणतीस वर्षं ज्या वहीचा तोरा मिरवला, तिच्यात बटण एक आकडा जास्त होतं. मोजणारा माणूस म्हणून ज्याला सगळे ओळखतात, त्याला हे मोजता आलं नाही. "आणि घरीसुद्धा तेच," ते म्हणाले. "बावीस वर्षं पाचवर. चार पुरले असते."

बायको पदराच्या टोकानं बरणी पुसत होती. "हो," ती म्हणाली. "म्हणून मी चारवर करायचे ना."

"काय करायचीस?"

"तुम्ही कामाला गेलात की चारवर. साडेपाचला परत पाचवर. तुम्ही आल्या आल्या बघता, म्हणून." ती बरणी खाली ठेवत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दुपारीच उगवलात, केवढी धावपळ झाली माझी."

काकांनी उठून फ्रिजचं दार उघडलं. बटणाकडे बघितलं. एक, दोन, तीन, सहा, सात हे आकडे ठणठणीत होते. चार आणि पाचच्या जागी नुसतं गुळगुळीत प्लास्टिक होतं. रंगाच्या विभागाला लिहिलेलं ते पत्र त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. काकड्या गोठतात म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, काकडीत पाणी जास्त असतं."

काकांना तेही आठवलं. ते वाक्य त्यांनी अगदी याच जागी उभं राहून म्हटलं होतं. लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर ते जे करतात तेच त्यांनी केलं. खिशातून पेन काढलं, दुधाच्या पिशवीबरोबर आलेला कागद फ्रिजच्या वरच्या कापडावर ठेवला आणि आकडेमोड सुरू केली. पाच आणि चार यांच्यात अठ्ठावीस शतांशांचा फरक. दिवसाचे दहा तास. बावीस वर्षं. रविवार वगळायचे, रविवारी काका घरी असतात.

"आठशेच्या आसपास युनिटं," ते वळून म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "एवढी वीज तू वाचवलीस. कोणी मोजली नाही."

"लिहा मग माझ्या नावावर."

"तसं नाही लिहिता येत," काका सवयीनं म्हणाले, आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं. "त्यातून आधी वजावट करावी लागते. नियम आहे. जे आपोआप होणारच होतं, ते धरायचं नसतं."

"आपोआप?" ती म्हणाली.

काकांचं पेन थांबलं.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "रोज दोनदा. ताप असला तरी. कंबर धरली होती तरी वाकून. आपोआप?"

ती रागावली नव्हती. नुसतं विचारत होती, जसे काका विचारायचे, म्हणजे किती अंश. आणि काकांना पहिल्यांदाच कळलं की या प्रश्नाला समोरच्या माणसाकडे उत्तर नसतं तेव्हा कसं वाटतं.

त्यांनी कागदावरची वजाबाकीची रेघ खोडली. एकदा खोडून त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून दुसऱ्यांदा खोडली. खाली आठशेचा आकडा पुन्हा नीट लिहिला, त्याच्यासमोर तिचं नाव लिहिलं, आणि सहीच्या जागेवर बोट ठेवून कागद तिच्यापुढे धरला. एकोणतीस वर्षांत त्या जागेवर दुसऱ्या कोणाची सही त्यांनी मागितली नव्हती.

बायकोनं चष्मा शोधला, कागद वाचला, सही केली. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "दार. केव्हाचं उघडं आहे."